कोनाड्यातला वेताळ

मूर्तीची परीक्षा करण्याचे काम आयुष्यात एकदाच माझ्या वाट्याला आले, आणि तेही अडुसष्टाव्या वर्षी. मूर्ती देवाची नव्हती, थोर पुरुषाची नव्हती, गणपतीतल्या आराशीचीही नव्हती. ती होती वेताळाची. वेताळ म्हटले की निम्म्या वाचकांच्या डोळ्यांपुढे शेंदूर फासलेला धोंडा येईल, आणि निम्म्यांच्या डोळ्यांपुढे अंगाला घट्ट बसणारे जांभळे कपडे घातलेला, डोळ्यांवर मुखवटा चढवलेला, कमरेला दोन पिस्तुले लावलेला चित्रकथेतला वीर येईल. आमच्या घरात हे दोन्ही वेताळ एकदमच शिरले होते. त्याने झालेला घोळ पुढे सांगतो. मला परीक्षा करायची होती ती दुसऱ्याची.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी भाद्रपदात वारला. मी पुण्यात बँकेची नोकरी करून निवृत्त झालो आणि पुण्यातच राहिलो. तो चारठाण्यालाच राहिला. जालन्याहून मंठा आणि मंठ्याहून जिंतूरच्या रस्त्याला लागले की हे आमचे गाव लागते. तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. घर, शेत, आईवडिलांचे दुखणेखुपणे हे सगळे त्यानेच पाहिले. यंदा भाद्रपदात त्याचे वर्षश्राद्ध होते, म्हणून मी गेलो. पाने उठली, पाहुणे पांगले, आणि हैदराबादला नोकरीला असलेला पुतण्या माळ्यावरून एक खोके घेऊन खाली उतरला. खोके हातभर उंच, वर चिकटपट्टी जशीच्या तशी.

“काका, हे तुमच्यासाठी थांबलंय.”

“माझ्यासाठी? काय आहे हे?”

“वेताळ. मी बाबांना दिला होता, दोन वर्षांपूर्वी. बाबांनी उघडलाच नाही. म्हणाले, दादा आला की उघडू.”

गेली दोन वर्षे मी येतो येतो म्हणत होतो. एकदा माझे मोतीबिंदू आले, एकदा नातीची परीक्षा आली, एकदा नुसताच पाऊस आला. तो गेला तेव्हा आलो, पण त्या दहा दिवसांत खोक्याची आठवण कोणाला असणार!

आता चारठाण्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण मूर्ती या वस्तूची मला जी काही पारख आहे ती याच गावाने दिली. गावात तीनशे साठ देवळे होती असे जुनी माणसे सांगत. मोजायला कोणी गेले नाही, पण जी उरली आहेत ती पाहता आकडा अगदीच थापेचा वाटत नाही. गोकुळेश्वराचे देऊळ आहे, जोड महादेव आहे, उंच दीपमाळ आहे, पायऱ्यापायऱ्यांची बारव आहे. एका महादेवाचे नावच उकंडेश्वर. उकंडा म्हणजे आमच्याकडे उकिरडा. त्यामुळे हा देव उकिरड्यातून निघाला असणार, असा अर्थ आम्ही मुलांनी परस्पर लावून टाकला होता. ही देवळे हेमाडपंती म्हणून ओळखली जातात. हेमाडपंत तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. पण त्याच्या आधी बांधलेल्या देवळांनाही आपण त्याचेच नाव देऊन मोकळे होतो. दगड काळा, कठीण, आणि चुन्याशिवाय एकावर एक बसवलेला. आमच्या गोठ्याच्या पायरीला एक कोरीव दगड होता. तो उलटा बसवला होता, त्यामुळे त्यावरचे हत्ती पाय वर करून चालत.

अशा गावात वाढलेल्या पोराला मूर्ती म्हणजे पुढून हात जोडण्याची वस्तू राहत नाही. आम्ही मूर्तीच्या मागे लपत असू, तिच्या खांद्याला धरून वर चढत असू, झिजलेल्या नाकावर बोट फिरवत असू. बहुतेक मूर्तींना नाके नव्हतीच. म्हणून आम्ही मूर्ती ओळखायला शिकलो ती हातांवरून: कोणत्या हातात काय आहे, कोणता हात कोणत्या बाजूला आहे. भाऊ यात माझ्यापेक्षा हुशार. मनगटापासून तुटलेला हात असला तरी तो उरलेल्या कोपराच्या वळणावरून सांगे, “दादा, ह्याच्यात गदा असणार.”

त्याच वयात आम्हाला दुसरा वेताळ भेटला. इंद्रजाल कॉमिक्सचा पहिला अंक मार्च १९६४ मध्ये निघाला. टाइम्स ऑफ इंडियाचे हे प्रकाशन पुढे मराठीतही येऊ लागले. मुळातल्या फँटमला मराठीत नाव मिळाले वेताळ. ज्याने कोणी हे नाव दिले त्याला खेड्यातल्या आया माहीत नसाव्यात. आमच्या मळ्याच्या वाटेवर एक शेंदरी धोंडा होता, त्यालाही वेताळच म्हणत. अमावास्येला त्याच्यापुढे नारळ फुटे, आणि दिवेलागणीनंतर त्याचे नाव घरात काढायचे नाही असा आईचा दंडक होता. वडिलांनी परभणीहून पहिला अंक आणला तेव्हा भावाने अंगणातूनच आरोळी दिली, “आई, वेताळ आला!” आई चुलीपुढून उठली ती हातातले फुंकणीसकट बाहेर आली. पुढे कित्येक महिने ते अंक आम्हाला गोठ्यात बसून वाचावे लागले.

मोठेपणी कळले ते असे. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकाने हा वीर १९३६ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रातल्या चित्रमालिकेसाठी निर्माण केला. जादूगार मँड्रेकही त्याचाच, दोन वर्षे आधीचा. या वेताळाजवळ कसलीही दैवी शक्ती नाही. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो आणि रानातल्या लोकांना वाटते की हा तोच, चारशे वर्षांपूर्वीचा, न मरणारा. आपल्या गोष्टीतला वेताळ एकविसावा. हे गुपित फक्त वाचकाला ठाऊक असे, म्हणूनच तो आम्हाला आपल्यातला वाटत असावा.

रंगाची गंमत निराळी. फॉकच्या मनात पोशाख करडा होता म्हणे. १९३९ मध्ये रविवारची रंगीत पाने सुरू झाली तेव्हा तो जांभळा निघाला आणि तसाच राहिला. इटलीत तो लाल झाला, स्वीडन-नॉर्वेकडे निळा. जसा देश तसा वेताळ. मळ्याच्या वाटेवरचा शेंदरी निघाला यात मग नवल कसले?

असो. खोके अजून उघडलेले नाही.

पुतण्याच्या हातात चाकू होता, पण हात थांबला होता. तो म्हणाला, “काका, एक सांगू का? न उघडलेल्या खोक्याला किंमत जास्त असते. पट्टी कापली की निम्मी.” मग त्याने मला या व्यवहाराची माहिती दिली. अशा मूर्ती मोजक्याच काढतात. ही एकंदर साडेसातशे काढली आणि आपली चारशे अकरावी. तळाला तसा आकडा असतो आणि सोबत एक प्रमाणपत्र. ज्यांना हा नाद आहे ते लोक खोके न फोडता कपाटात ठेवतात. मूर्ती कशी आहे हे त्यांना खोक्यावरच्या छायाचित्रावरून ठाऊक असते. मला आधी हसू आले, मग आठवले की आमच्याही एका देवळात गाभाऱ्याचे दार वर्षातून एकदाच उघडत. भावजय आतून म्हणाली, “काय बघायलाव दादा, काढा की बाहेर. त्यांचा जीव अडकलाय त्याच्यात.”

पट्टी मीच कापली.

आता परीक्षा. मूर्ती फूटभराहून थोडी उंच, म्हणजे माणसाच्या सहाव्या हिश्शाची. वजन दोन किलोंच्या वर. हातात घेताच “हं, दगड आहे” असे वाटते. ते वाटणे अगदीच खोटे नाही. पुतण्याने सांगितले त्याप्रमाणे कृती अशी: मूळ नमुना कारागीर मातीत घडवतो, किंवा हल्ली संगणकावर. त्यावरून रबरासारख्या सिलिकोनचा साचा काढतात, आणि साच्यात राळ ओततात. राळेत दगडाची भुकटी कालवलेली असते, त्यानेच वजन येते आणि हाताला गारवा लागतो. साचा काही ओतण्यांनंतर झिजतो, मग नवा करावा लागतो. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक शीर उठते. ती घासून काढतात आणि मग हाताने रंग देतात.

आमच्या गावच्या पाथरवटाला ही सोय नव्हती. त्याने छिन्नी एकदा चुकवली की संपले. राळ ओतणाऱ्याची चूक दुसऱ्या ओतण्यात सुधारते. तरी मला हे काम हलके वाटले नाही. मूर्ती उभी कशी आहे ते मी आधी पाहिले, कारण नाकाडोळ्यांचा भरवसा नसतो हे मी लहानपणीच शिकलो होतो. एका पायावर भार, दुसरा पाय खडकाच्या टोकावर, कंबर किंचित वळलेली, खांदे विरुद्ध बाजूला. देवळाच्या भिंतीवरच्या बायका अशाच उभ्या असतात. हे ज्याने घडवले त्याला उभे राहणे कळते. पाठही त्याने पुढच्या इतक्याच मनाने केली आहे. पुष्कळ मूर्तिकार पाठीशी येईपर्यंत दमतात.

चेहरा मात्र मला आवडला नाही. हनुवटी सिनेमातल्या नटाची, ओठ नको तितके कोरलेले. आमच्या अंकातला वेताळ क्वचित हसे, आणि हसला तर एकच रेघ वाकडी होई. ह्याच्या तोंडावर कसलाच प्रसंग नाही. जांभळ्या रंगाचा थरही जाड बसला आहे. पोटाच्या पिळदार रेषा साच्यात असणारच, पण रंगाखाली बुजल्या. अर्थात हा दोष आपल्याकडे मोठमोठ्या देवांच्या नशिबी आला आहे. वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा थर २०२२ मध्ये उतरवला तेव्हा खालून कोरीव रूप दिसले आणि जुने भक्त चकित झाले. तिथे तो थर पिढ्यापिढ्यांच्या हातांनी चढला होता. इथे कारखान्यातल्या कोणाला तरी संध्याकाळपर्यंत अमुक इतक्या मूर्ती रंगवायच्या होत्या, एवढेच कारण असावे. मानेमागे साच्याची शीरही तशीच राहिली आहे. चड्डीवरचे पट्टे एका बाजूला सरळ, दुसऱ्या बाजूला कलते.

डोळ्यांच्या बाबतीत कारागीर चुकला नाही. मुखवट्याच्या भोकांतून वेताळाची बुबुळे कधी दिसत नाहीत. नुसता पांढरा रंग. इथे तेच आहे. मला एकदम मळ्याच्या वाटेवरचा धोंडा आठवला. त्याला तोंड नाही, हात नाहीत, पाय नाहीत, पण कोणी नवस फेडताना चांदीचे दोन डोळे चिकटवले आहेत. ह्याला सगळे आहे आणि डोळे नाहीत. भाऊ लहानपणी म्हणायचा, “दादा, दोघं मिळून एक होतो बघ.”

मग हात. उजव्या हातातल्या अंगठीवर कवटी हवी. तिचा ठसा गुन्हेगाराच्या जबड्यावर उमटतो आणि जन्मभर जात नाही. डाव्या हातातली अंगठी संरक्षणाच्या खुणेची. ती ज्याला मिळाली त्याच्या वाटेला कोणी जायचे नाही. चोरट्या नकला करणारे हमखास इथे फसतात असे पुतण्याने सांगितले. मी चष्मा पुसून पाहिले. कवटी उजवीकडे होती, हरभऱ्याच्या डाळीएवढी, आणि तिला डोळ्यांची दोन भोकेही होती. डावा हात पट्ट्यावर टेकलेला. त्याच्याही बोटात अंगठी होती. पण अंगठा नव्हता.

तो थर्माकोलच्या खाचेत पडला होता. भोपळ्याच्या बी एवढा जांभळा तुकडा. प्रवासात कधीतरी तुटला असणार. पुतण्याने कागद चाळले आणि खाली मान घालून म्हणाला, “तीस दिवसांत कळवलं असतं तर बदलून मिळाली असती.”

कोणी काही बोलले नाही. तीस दिवस कोणाची वाट पाहण्यात गेले हे तिघांनाही ठाऊक होते.

हे एवढेच असते तर मी ते पचवले असते. पण या वेताळाचे आणि माझे जुने देणे आहे, आणि ते आता लिहून टाकतो. १९७२ चा दुष्काळ. विहिरी तळाला गेलेल्या, घरात मिलोच्या लाल भाकरी, गावची निम्मी माणसे खडी फोडायला. मला मॅट्रिकच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता आणि वडिलांकडे पैसे मागण्याची सोय नव्हती. भावाजवळ वेताळाचे त्रेचाळीस अंक होते. वडिलांच्या परभणीच्या खेपांतून एकेक जमवलेले, आकड्यांप्रमाणे लावून सुतळीने बांधलेले. तो तेव्हा दहा वर्षांचा. तो मामाकडे गेला असताना मी ती चळत जिंतूरला नेऊन एका वाण्याला रद्दीच्या भावाने घातली. आलेल्या पैशांत अर्जाची फी पुरी झालीही नाही. उरलेली मास्तरांनी भरली. म्हणजे नसते विकले तरी काहीतरी झालेच असते, हे मला पुढे कितीतरी वर्षे रात्री आठवत राही.

तो परत आला, गोठ्यात गेला, बाहेर आला. रडला नाही. पंधरा दिवस माझ्याशी बोलला नाही, एवढेच. पुढे एक दिवस वडिलांनी जिंतूरहून जिरे आणले; पुडी सोडली तर कागदावर वेताळ घोड्यावरून चाललेला. आईला त्यातले काही कळले नाही. भावाने जिरे डब्यात ओतले, कागद मांडीवर घासून सरळ केला आणि खिशात घातला. मी समोर बसलो होतो.

ह्या विषयावर आम्ही दोघे कधी बोललो नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा मनात आले की तेवढे अंक शोधून त्याला द्यावेत. मग बदल्या झाल्या, संसार झाला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले तेव्हा वर्तमानपत्र वाचून पुन्हा मनात आले. जुन्या अंकांना पुढे भाव चढला. मी पुण्यात फुटपाथवर एकदा चौकशी केली आणि आकडा ऐकून पुढे चालू लागलो. मला परवडत नव्हते असे नाही.

मी पुतण्याला विचारले, “तुला हे वेताळाचं कसं सुचलं?”

“बाबा सांगायचे ना. काकांनी वेताळ जिऱ्याच्या पुडीत घातला म्हणायचे. हसायचे फार.”

“आणखी काय म्हणायचे?”

“काही नाही. म्हणायचे, त्याच्यावर दादा मॅट्रिक झाला.”

मी उठून अंगणात गेलो आणि हात धुतले, धुण्याचे कारण नसताना.

परत आलो तो भावजय मूर्तीपुढे बसली होती. भंगलेली मूर्ती घरात ठेवू नये असे आपल्याकडे मानतात, आणि चारठाण्यासारख्या गावात तर हे शास्त्र पोराटोरांनाही पाठ. तिलाही तीच शंका आली असावी, कारण ती म्हणाली, “तुटकी घरात ठेवावी का नाही?” मग आपणच म्हणाली, “देव असता तर नसती ठेवली. हा कुठं देव आहे?” पुतण्याने फेविक्विकची नळी आणली. अंगठा माझ्याकडून चिकटेना, हात कापत होता. शेवटी त्यानेच चिकटवला. किंचित तिरका बसला आहे. जवळून पाहिले तर सांधा दिसतो, हातभर अंतरावरून दिसत नाही.

मूर्ती कुठे ठेवायची यावर थोडी चर्चा झाली. पुतण्या मला म्हणत होता, पुण्याला न्या. मी नको म्हणालो. माजघरातल्या ज्या कोनाड्यात भावाचा चष्मा आणि औषधाचा डबा असे, तो कोनाडा रिकामाच होता. त्यात ती उंचीने बरोबर बसते. वर चार बोटे मोकळी राहतात. पाठीची बाजू मात्र भिंतीकडे जाते. इतकी चांगली पाठ भिंतीकडे करणे बरे नव्हे, हे मी बोलून दाखवले. तेव्हा भावजयीने आपल्या कुंकवाच्या करंड्याचा जुना आरसा आणून मागे उभा केला.

पुतण्याने सवयीने मोबाइलवर पाहिले आणि सांगितले की उघडलेल्या, डागडुजी केलेल्या मूर्तीला आता फारसे कोणी विचारणार नाही.

“विकायची कोणाला आहे?” भावजय म्हणाली. दिवेलागण झाली होती. तिने समई उचलून कोनाड्याशी आणली, तेवढ्यात पुतण्या ओरडला, “आई, लांब! राळ आहे ती, उष्णतेनं वाकते!” तिने समई हातभर मागे घेतली, अंदाज घेतला, आणखी चार बोटे सरकवली आणि मला विचारले, “दादा, इथवर चालंल का?”

मी पाहिले. उजेड त्याच्या उजव्या हातापर्यंत पोचत होता. चालेल म्हणालो.